कात्री कुणाच्या हातात?

फूयाओ या चिनी कंपनीला आपल्यावर फिल्म हवी होती. ओहायोतल्या डेटनजवळ मोरेन इथे जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये बंद पडला. त्याच जागेत फूयाओ गाड्यांच्या काचा बनवणार होती. त्या बंद कारखान्यावर आधीच लघुपट करणाऱ्या स्टीव्हन बॉगनार आणि ज्युलिया रायकर्ट यांनी अट घातली: पैसे तुमचे नकोत, कात्री मात्र आमची. अध्यक्ष त्साओ दवांग तयार झाले. त्यातून झालेल्या ‘अमेरिकन फॅक्टरी’ला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं.

कंपनीला ते केवढ्याला पडलं! २०१६ च्या उद्घाटनात सिनेटर शेरॉड ब्राउन भर मंचावरून युनियनच्या बाजूने बोलले. फीत कापायच्या मोठ्या कात्रीनेच त्यांचं मुंडकं उडवावं, असा विनोद कंपनीच्या एका अमेरिकन उपाध्यक्षाने कॅमेऱ्यादेखत केला. पुढे त्याचीच गच्छंती झाली.

चिनी कर्मचाऱ्यांसाठी घेतलेला वर्गही फिल्ममध्ये टिपलाय. अमेरिकनांना लहानपणापासून शाबासकीची सवय, त्यामुळे गाढवासारखं केसांच्या दिशेनेच कुरवाळायचं, अशी शिकवण. अमेरिकन सुपरवायझर चीनमधल्या फूचिंगच्या मुख्य कारखान्यात गेले तेव्हा तिथे पाळीआधी लष्करी थाटात हजेरी चाललेली. साध्या हातमोज्यांनी काचेचे तुकडे वेचणारे मजूर पाहून त्यांचे डोळे विस्फारले. पण त्यांच्यातलाच एक जण तिथल्या साहेबाला सांगतो, आमची माणसं फार बोलतात, तोंडाला टेप लावावीशी वाटते.

तरी यावरून ‘चिनी कष्टाळू, अमेरिकन आळशी’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. मोरेनमधली एक बाई सांगते, जनरल मोटर्समध्ये तासाला २९ डॉलर मिळायचे, इथे १२.८४. तिने जीव तोडून का राबावं? आणि फूचिंगच्या मजुरांना तरी महिन्याला एक-दोनच सुट्ट्यांची हौस थोडीच आहे? ओहायोत आलेले चिनी कारागीरही बायका-मुलांना दोन-दोन वर्षं मागे सोडून आलेले. त्यांच्यातला एक भट्टीवाला अमेरिकन सहकाऱ्याच्या घरी बंदूक चालवून, मोटरसायकलवर बसून आलेला दिसतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा आहे.

मोरेनमध्ये युनियन हवी का, यावरच्या २०१७ च्या मतदानात युनियन ८६८ विरुद्ध ४४४ मतांनी हरली. त्याआधी कंपनीने महागडे सल्लागार नेमून कामगारांना सक्तीच्या सभांना बसवलं होतं. फूचिंगच्या कारखान्यात मात्र युनियन आहे. तिचा तेव्हाचा प्रमुख तिथल्या कम्युनिस्ट पक्षसमितीचा सचिवही होता, आणि त्साओंचा मेहुणाही.