चांदोली : अरण्य आणि जुनी वहिवाट

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सरहद्दी सह्याद्रीच्या ज्या माथ्यावर एकमेकींस भिडतात, तेथील वारणाकाठचे सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचे निबिड अरण्य १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही त्याची गणना झाली. पर्जन्यकाळ सरता सरता झोळंबीच्या सड्यावर, जांभ्याच्या ओलसर खळग्यांतून, सीतेची आसवे ही इवलीशी जांभळी फुले दाटतात.

पश्चिमेच्या कड्यावर, मुख्य रांगेपासून किंचित सुटलेला प्रचितगड उभा असून, शृंगारपूरकर सुर्व्यांचा जो मुलूख शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये हस्तगत केला, त्यावर त्याची नजर होती. गडावर भैरीभवानीचे देवस्थान आणि पाण्याची टाकी आहेत. अरण्यातील गावे उठून गेली, तरी त्यांची देवळे आणि जोती मागे राहिली. माझ्या मते गडाइतक्याच आदराने पाहावा असा हा वारसा आहे.

प्रवेशास वनखात्याचा परवाना आवश्यक आहे; पावसाळ्यात उद्यान बंद असते.