टाके कातडीला, मार मेंदूला
लेखमाला : मैदान आणि शरीर – भाग ५

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२. आशियाई स्पर्धेतल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियासमोर भारताचा जर्नेलसिंग डोक्याला पट्टी बांधून उतरला. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटून टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे हैदराबादचे ‘रहीमसाब’, यांनी या कसलेल्या बचावपटूला चक्क सेंटर फॉरवर्डला खेळवलं. उपांत्य सामन्यात त्याचा गोल, अंतिम सामन्यातही गोल. भारत २-१ने जिंकला आणि ती पट्टी शौर्याची खूण ठरली.

टाके दिसतात; कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला मार, दिसत नाही. डोक्याला किंवा अंगालाही जोराचा हिसका बसला की कवटीतल्या द्रवात मेंदू हेलकावतो, त्याचे तंतू ताणले जातात, पेशींमधला क्षारांचा समतोल बिघडतो. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. बहुतेक खेळाडू बेशुद्धही पडत नाहीत. २०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर धडकेनंतर खेळत राहिला आणि थोड्या वेळाने त्याने पंचांनाच विचारलं, ‘ही फायनल आहे का?’

जकार्ताच्या त्याच संघात हैदराबादचा युसुफ खान होता. सिटी पोलीस संघाचा हा खेळाडू, १९६६चा अर्जुन पुरस्कारविजेता. उतारवयात त्याला कंपवाताने गाठलं. २००६मध्ये तो गेला. त्याच्या आजाराचं खापर फुटबॉलवर फोडता येणार नाही. एका माणसावरून असा निष्कर्ष निघत नाही, त्यासाठी हजारो माणसं तपासावी लागतात.

ग्लासगोच्या संशोधकांनी ते केलं. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी त्यांनी सर्वसामान्यांशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीनपट आढळले. कंपवाताचे सुमारे दुप्पट. २०१९चा हा अभ्यास. पुढच्या विश्लेषणात बचावपटूंचा धोका सर्वाधिक निघाला, तर गोलरक्षकांचा जवळपास सर्वसामान्यांएवढाच. संशय अर्थातच हेडिंगवर, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यावर गेला. इंग्लंडचा जेफ ॲस्टल हेडरसाठी गाजलेला. २००२मध्ये तो ५९व्या वर्षी वारला, तेव्हा मृत्युचौकशीत कारण नोंदलं गेलं : व्यवसायजन्य आजार.

मुलांचं काय? त्यांची मान कच्ची, शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि बरं व्हायला वेळही जास्त लागतो. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. म्हणून अमेरिकेने २०१५मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं. २०२०मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते वगळलं. मोठ्यांच्या सामन्यांसाठी २०२४पासून कन्कशनचा जादा बदली खेळाडू नियमातच आला आहे. तो वापरायचा की नाही, हे स्पर्धेचे आयोजक ठरवतात.

हैदराबादच्या शाळांच्या आणि वस्त्यांच्या मैदानांवर डॉक्टर क्वचितच असतो. तिथे प्रशिक्षकाने पाळायचा नियम सोपा आहे : शंका आली की मुलाला बाहेर काढायचं आणि ‘सर, मी ठीक आहे’ हे ऐकून त्या दिवशी परत उतरवायचं नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा न हटणारी गुंगी दिसली, तर थेट रुग्णालय. एरवी एक-दोन दिवस विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने धावणं आणि सराव. सामना डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

(पुढील आठवड्यात : एप्रिल-मेची उन्हाळी शिबिरं आणि उष्माघात)