चाटी गल्लीत सॉफ्टवेअर विकायचं तर

"सेल्सला लागला? म्हणजे कोडिंगला घेतलं नाही वाटतं." इंजिनिअर झालेल्या मुलाने किंवा मुलीने सॉफ्टवेअर स्टार्टअपची ऑफर घरी दाखवली की सोलापुरात हा शेरा हमखास येतो. सेल्स म्हणजे उरलेल्यांचं काम, हा यातला पहिला गैरसमज. क्विक हीलचं उदाहरण घ्या. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीपर्यंत शिकलेले. पुण्यात त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि मग ते संगणक दुरुस्तीकडे वळले. अँटिव्हायरस लिहिला तो धाकटे भाऊ संजय यांनी. पण गिऱ्हाइकाचं मशीन कशाने अडतं, हे दुरुस्तीच्या टेबलावर आधी कळलेलं होतं. 2016 मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. कोड लिहिणारा आणि गिऱ्हाईक ओळखणारा, दोघांपैकी एकावर ती उभी राहिली नसती.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: जो बोलबच्चन, तो सेल्समन. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे साफ चूक. चाटी गल्लीतल्या किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्याकडे बिलिंगचं सॉफ्टवेअर दाखवायला गेलात, तर शेठ पाच मिनिटं ऐकतात, चहा सांगतात आणि मुनीमजींकडे बोट दाखवतात. खरा डेमो तिथे सुरू होतो. मुनीमजींना स्क्रीनचे रंग बघायचे नसतात. ते स्वतः एक बिल टाकून बघतात.

टेरी टॉवेलचंच बिल घ्या. माल डझनाने जातो आणि भाव डझनाचा सांगितला जातो. जीएसटीचा दर मात्र नगाच्या किमतीवर ठरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा तयार कापडी मालाला नगामागे 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के कर आहे. आधी ही रेघ 1000 रुपयांवर होती आणि वरचा दर 12 टक्के होता. आता 250 रुपयांचा टॉवेल डझनाने लावला की रक्कम होते 3000. सॉफ्टवेअरने ती डझनाची रक्कमच मर्यादेशी ताडून पाहिली, तर 5 च्या जागी 18 टक्के लागले! मुनीमजी मान हलवतात आणि तुमची गोड वाणी तिथेच संपते. हा घोळ आधी ओळखून एककाची सेटिंग करून गेलेली, फारसं न बोलणारी मुलगी त्या दुकानातून ऑर्डर घेऊन निघते. माल परत आला तर क्रेडिट नोट कशी निघते, जॉबवर्कला गेलेलं सूत कुठे दिसतं, हे पुढचे प्रश्न. माझ्या मते ज्याच्या घरी यंत्रमाग किंवा किराणा दुकान आहे, त्याचं निम्मं ट्रेनिंग घरीच झालेलं असतं. दुर्दैवाने बायोडेटात ते कोणी लिहीत नाही.

"प्रॉडक्ट चांगलं असलं की आपोआप खपतं" हे स्टार्टअपचे संस्थापकच जास्त मानतात. व्यापारी सॉफ्टवेअर घेतो तो बहुतेकदा कायद्याने वेळ आणली म्हणून. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा वहीवर चालणारी कितीतरी दुकानं एकदम संगणकावर आली. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वरच्या उलाढालीला होती; टप्प्याटप्प्याने उतरत ऑगस्ट 2023 मध्ये ती 5 कोटींवर आली. प्रत्येक टप्प्याला नवं गिऱ्हाईक तयार झालं. त्यामुळे या धंद्यात कॅलेंडर पाठ हवं. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी ही रिटर्न भरायची असतात; त्याच्या आदल्या दोन दिवसांत फोन केला तर शिव्याच मिळतील. मार्चअखेर विसरा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही डेमो कोणी बघत नाही.

आता पैशाचं. पॅकेजचा आकडा म्हणजे पगार नव्हे. समजा सहा लाखांच्या पॅकेजात दोन लाख व्हेरिएबल असतील, तर घरचा हिशेब चार लाखांवरच धरायचा. इन्सेंटिव्ह ऑर्डर मिळाल्यावर की पैसे जमा झाल्यावर, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, कारण आपल्या बाजारात दोन-तीन महिन्यांची उधारी ही रीत आहे आणि सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं आगाऊ मागितलं की शेठच्या कपाळाला आठी पडते. एकदा विकलं की संपलं, असंही नसतं. वर्षाच्या भाड्यावर चालणाऱ्या कंपनीला पहिल्या वर्षी गिऱ्हाईक मिळवण्यातच खर्च होतो, कमाई रिन्युअलला. म्हणून खोटं आश्वासन देऊन केलेली विक्री पुढच्या वर्षी अंगावर येते. काही ठिकाणी गिऱ्हाईक लवकर सुटलं तर दिलेला इन्सेंटिव्ह कापून घेतात, तेही आधी विचारा.

शेअर मिळणार म्हणजे आपण मालक, हाही भ्रमच. ईसॉप हा ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क असतो, आणि कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे तो हाती यायला किमान एक वर्ष जावं लागतं. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तर हात रिकामे. पुढे शेअर घेताना ठरलेला भाव आणि त्या दिवसाची किंमत यांतला फरक पगारात धरून कर लागतो, मग तो शेअर बाजारात विकता येत नसला तरी. हा कर पुढे ढकलण्याची सवलत मोजक्या, सरकारी प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपपुरतीच आहे.

राहिला पुण्याचा प्रश्न: या नोकरीसाठी सोलापूर सोडून तिकडे जायलाच हवं का? चेन्नईच्या फ्रेशवर्क्सने चेन्नईत बसून फोन-ईमेलवर परदेशी ग्राहक मिळवले आणि 2021 मध्ये ती नॅसडॅकवर गेली. झोहोने 2011 मध्ये तामिळनाडूतल्या तेनकाशीजवळ खेड्यात ऑफिस थाटलं. सुरुवातीला शिकायला पुण्याला जाणं ठीक, मीही तेच सांगेन. पण सोलापूरकराला मराठी येते, शेजारपाजारात कन्नड, पद्मशाली वस्तीत तेलुगू आणि बाजारात दखनी कानावर पडलेली असते. विजयपूर आणि कलबुर्गी इथून शंभरेक किलोमीटरवर. तिकडून फोनवर "एष्टु रेट?" असा प्रश्न आला की पुण्यातला सीनिअर मुकाट्याने कॉल सोलापुरात ट्रान्सफर करतो.