भाड्याची पावती

बंगळूरची जुनी पेठ केंपेगौडाने १५३७ साली वसविली. चिकपेट आणि दोड्डपेट जेथे एकमेकींस मिळतात त्या चौकातून चार दिशांना नांगर धरून त्याने रस्ते आखले, अशी परंपरागत कथा आहे. पुढे १६३८ मध्ये हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळी आणि त्यानंतरही अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. शिंपी आले, भावसार आले, आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, जे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगले, तेही दक्षिणेच्या पेठापेठांतून दिसू लागले. रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिकपेटेत मोठी दालने आहेत, तसे हातभर रुंदीचे गाळेही आहेत. आणि त्या गाळ्यांत बसणारा मनुष्य पुष्कळदा गाळ्याचा मालक नसतो. तो भाडेकरू असतो.

हा भाडेकरू व्यवहारात कच्चा नसतो. वीतभर जर विकली तरी तो टिपून ठेवतो, उधारीची वही त्याला पाठ असते. पण दरमहा मालकाचा माणूस दारी आला, की तो नोटा मोजून देतो आणि ‘पोचले’ एवढ्या एका शब्दावर समाधान मानतो. पैसे तर दिले, मग कागद कशाला, अशी त्याची समजूत असते. पावती म्हणजे केवळ रकमेची नोंद, असे तो मानतो. येथेच तो चुकतो.

‘पावणे’ या क्रियापदापासून ‘पावती’ हा शब्द आला. जुन्या दस्तऐवजांत ‘रक्कम भरून पावलो’ असे लिहून देण्याची रीत होती. आज ‘भरून पावलो’ हे शब्द आपण उपरोधाने उच्चारतो, ही भाषेची गंमत; परंतु मूळ अर्थाने ती एक कबुली आहे. आणि भाड्याच्या पावतीत एक सोडून दोन कबुल्या असतात. अमुक रक्कम मिळाली ही पहिली. ती ‘भाडे’ म्हणून मिळाली, म्हणजे देणारा भाडेकरू व घेणारा मालक आहे, ही दुसरी. पहिल्या कबुलीला मालकाची फारशी हरकत नसते. त्याचा हात अडखळतो तो दुसऱ्या कबुलीपाशी.

असे का व्हावे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावरून कळते. भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावरही भाडेकरू जागेत राहिला आणि मालकाने त्याच्याकडून भाडे स्वीकारले, तर भाडेपट्टा पुढे चालू झाला असे, उलट करार नसल्यास, हा कायदा मानतो. दुकानाची भाडेदारी त्यामुळे महिनेवारीने चालू राहते आणि ती संपविण्यास रीतसर नोटीस लागते. म्हणून काही मालक पावती देतातच तर तीत ‘भाडे’ हा शब्द टाळून ‘वापराबद्दल भरपाई’ किंवा ‘शुल्क’ असे लिहितात. शब्द साधे दिसतात, परंतु ते जाणूनबुजून निवडलेले असतात. पावती घेताना आकड्याआधी हा शब्द वाचावा.

कर्नाटकात भाड्यासंबंधीचा विशेष कायदा १९९९ चा असून तो ३१ डिसेंबर २००१ पासून अंमलात आला. भाडे दिल्याची सही केलेली पावती मिळण्याचा हक्क तो भाडेकरूस देतो; मालक भाडे घेईनासा झाला तर ते नियंत्रकाकडे जमा करण्याची वाटही ठेवतो. मात्र हा कायदा सर्वांना लागू नाही. व्यापारी जागेपैकी ज्यांचे जोत्याचे क्षेत्र चौदा चौरस मीटरांहून अधिक नाही, त्यांनाच त्याचे छत्र आहे. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट खोल गाळा घेतला, तर त्याचे क्षेत्र दीडशे चौरस फूट, म्हणजे चौदा मीटरांच्या किंचित आत भरते. खोली एका फुटाने वाढली की गाळा कायद्याबाहेर गेला. जोत्याचे क्षेत्र भिंतींसह धरतात, हेही ध्यानी ठेवावयास हवे. शिवाय बंगळूरसारख्या शहरात ज्या जागेचे प्रमाणित भाडे, किंवा कायदा लागू झाला त्या दिवशीचे कायद्याने मानलेले भाडे, दरमहा साडेतीन हजार रुपयांहून अधिक आहे, तीही वगळली आहे. तेव्हा २००१ च्या अखेरीची एखादी जीर्ण पावती हा निर्णय फिरवू शकते. कित्येकांनी ती दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीत घातली असेल.

या कायद्याचे त्रेचाळिसावे कलम विशेष मननीय आहे. खटल्यात एका पक्षाने ‘आमच्यात मालक-भाडेकरू हे नातेच नाही’ असे म्हटले, तर न्यायालय प्रथम भाडेपट्ट्याचा दस्त पाहते. तो नसेल तर मालकाच्या सहीची भाडेपावती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून स्वीकारून खटला पुढे चालविते. करार तोंडी असून पावतीही नसेल, तर न्यायालय कामकाज तेथेच थांबवून पक्षांना दिवाणी न्यायालयात जाऊन आपले हक्क ठरवून आणण्यास सांगते. दिवाणी न्यायालय म्हणजे किती वर्षे, हे मराठी माणसास सांगणे नलगे.

येथे मालकाचे शस्त्र त्याच्यावरच उलटण्याचा संभव असतो. ज्याने वर्षानुवर्षे पावती नाकारली, तोच उद्या गाळा मोकळा करून मागण्यास उभा राहिला आणि समोरच्याने ‘मी यांचा भाडेकरूच नव्हे’ असा पवित्रा घेतला, तर मालकाच्या हाती काय राहते? पावतीपुस्तक असते तर त्याच्यापाशी निदान स्थळप्रती असत्या. पावती देण्यात मालकाचे नुकसानच आहे ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे.

महाराष्ट्रात १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यापासून पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. ३१ मार्च २००० रोजी लागू झालेल्या नव्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने पावती न देणाऱ्यास कसुरीच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मुंबईत पावतीचे मोल लोकांना कळले ते १९७३ मध्ये. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी रोजी चालू परवान्यावर जागेत असलेल्यांना भाडेकरू मानण्यात आले. त्या एका तारखेस आपण तेथे होतो आणि पैसे भरत होतो, हे ज्याला दाखविता आले, त्याचे घर पक्के झाले.

चिकपेटेतील ज्या दुकानदारांना १९९९ चा कायदा लागू नाही, ते अगदीच उघड्यावर नाहीत. १८९९ च्या मुद्रांक कायद्याप्रमाणे, देणाऱ्याने मागणी केल्यास घेणाऱ्याने मुद्रांकित पावती दिली पाहिजे. पाच हजारांहून अधिक रकमेच्या पावतीस एक रुपयाचे महसूल तिकीट लागते. हा नियम भाड्यापुरता नाही, सर्व देण्याघेण्याचा आहे; म्हणूनच बहुधा भाडेकरूंना तो आठवत नाही.

आता पुष्कळसे भाडे भ्रमणध्वनीवरून थेट खात्यात जाते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना भाडेदारी कायद्यात बँकेची पोच भाडे दिल्याचा निर्णायक पुरावा मानली आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही. आणि बँकेची नोंद पैसे कोणाकडून कोणाकडे गेले एवढेच सांगते, कशासाठी गेले ते सांगत नाही. त्यातही मालक पुष्कळदा मुलाचा किंवा सुनेचा खातेक्रमांक देतो. म्हणून पैसे पाठविताना शेऱ्याच्या जागी ‘गाळा अमुक, महिना अमुक, भाडे’ एवढे लिहावे, आणि वर्षाकाठी एकदा तरी मालकाची एकत्रित लेखी पोच मागून घ्यावी. टपालाने पाठविलेल्या मागणीची प्रतही जपावी. तक्रारीचा प्रसंग आलाच, तर पावती मागितली होती हे दाखविणे भाग पडते.

थकलेल्या भाड्यासाठी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्यावरून तीन वर्षांपलीकडच्या पावत्या निरुपयोगी, असा हिशेब काही जण करतात. तो पैशापुरता बरोबर आहे, नात्यापुरता नाही. रस्तारुंदीसाठी वा एखाद्या सार्वजनिक कामासाठी जागा संपादन होते तेव्हा भूसंपादनाचा २०१३ चा कायदा आधीची तीन वर्षे तेथे राहणाऱ्यांना किंवा उपजीविका करणाऱ्यांनाही बाधित कुटुंबांत गणतो, आणि ती तीन वर्षे संपादनापूर्वीची असावी लागतात. त्या वेळी पावत्यांची जुडी जेवढी जुनी तेवढी बरी.

सर्वांत अवघड गाठ पडते ती मृत्यूनंतर. चिकपेटेसारख्या जुन्या बाजारात आजोबांच्या नावाची पावती नातू घेत असतो, कारण नाव बदलावयास सांगणे म्हणजे मालकास भाडेवाढीचे निमित्त देणे, असे त्याला वाटते. कर्नाटकाच्या कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूनंतर हा हक्क वारसाकडे पाच वर्षांपुरता जातो, आणि तोही, वारस मृताबरोबर त्या जागेत राहत होता किंवा धंदा करीत होता असे दिसल्यास. पाच वर्षांची मोजणी मृत्यूच्या दिवसापासून सुरू होते, पावतीवर नाव कोणाचेही असो. त्यानंतरच्या काळात मालकाने वारसाच्या स्वतःच्या नावे भाडे स्वीकारून पावती दिली असेल, तर नव्या भाडेदारीचा दावा करण्यास त्याला आधार मिळतो. आजोबांच्या नावाच्या पावतीने तो मिळणे कठीण आहे.