कार्डावरचे बावीस

सकाळी 8.10
भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये आज प्रेशर व्हेसलचा शेवटचा सीम मारायचाय. शेल 20 मिलिमीटरचं. आत माणूस शिरत नाही, म्हणून बाहेरूनच टिगने रूट आणि वर आर्कने भरणं. आमचे वेल्डर मामा, त्यांनी हातमोजे चढवलेत. त्यांचं पात्रतेचं कार्ड म्हणतं, 22 मिलिमीटरपर्यंत पात्र.

8.40
मला तो आकडा खटकला. मामांच्या परीक्षेची जुनी फाईल काढली. कूपन, म्हणजे परीक्षेचा तुकडा, सहा इंची, शेड्यूल 80 पाइप, जाडी 10.97. कुणीतरी अकराची दुप्पट करून मोकळं झालंय. पण एएसएमई सेक्शन नाइन विचारतं, या माणसाने या प्रोसेसने किती धातू भरला? टिगने 3, आर्कने 8. दुप्पट करायची ती ज्याची त्याची : टिग 6, आर्क 16. आज रूट 3 झाली की आर्कला उरतात 17.

एका मिलिमीटरवर काम थांबवलं, म्हणून प्रोडक्शनवाले माझ्या नावाने बोटं मोडतायत. "टिगचे दोन थर मारा की!" म्हणे. हिशेब बसेलही, पण आमच्या डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या लेखी पद्धतीत, टिग फक्त रूटपुरती आहे. शिवाय पुढच्या महिन्यात 32 ची प्लेट येतेय. तेव्हा काय करणार?

10.30
नवं कूपन. सहा इंचीच, पण शेड्यूल 160, भिंत 18.26. पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का बांधला, 6जी पोझिशन. मामा एवढंच म्हणाले, "साहेब, तीस वर्षं झाली. आता परत परीक्षा?" मी चहा मागवला. दुसरं काय बोलणार?

11.50
रूट झाली. आतून टॉर्च मारून पाहिली, सगळीकडे सारखी. मामा हॉट पासलाही, म्हणजे रूटवरच्या थरालाही, टिगचीच तार उचलतायत. पातळ रूटवर आर्क मारली की भोक पडतं, म्हणून हाताची सवय. मी थांबवलं. व्हर्नियरची दांडी खाचेत सोडली : वरून 14.6. म्हणजे टिग 3.6.

आर्कचा धातू 13 किंवा जास्त आणि थर किमान तीन असले, तर आर्कला जाडीची मर्यादाच उरत नाही. टिगने आणखी दोन मिलिमीटर भरले असते, तर आर्कला 12.6 मिळून गाडी 25.2 वर अडकली असती. कॅपिंगचा फुगवटा यात धरत नाहीत, त्यामुळे वरून उंची वाढवून काही साधत नाही.

मामांनी तार खाली ठेवली. "आधी सांगायचं ना!" बरोबर आहे. चूक माझी.

दुपारी 1
डबा.

1.40 ते 4.45
गरम पेटीतून 7018 च्या कांड्या काढायच्या, थर मारायचा, स्लॅग झाडायचा, ग्राइंडर फिरवायचा. खालच्या बाजूला मामा जवळजवळ आडवे होऊन मारतात. मी प्रत्येक थर वहीत लिहितो. कॅपिंग धरून सहा थर.

5.20
पाइपावर वेल्डर नंबर पंच केला. उद्या चार साइड बेंड, दहा मिलिमीटरच्या पट्ट्या, 180 अंश वाकवायच्या. 3 मिलिमीटरहून मोठी उघडी फट दिसली तर नापास.

नव्या फॉर्मवर जाडीसाठी दोन वेगळ्या ओळी आखल्या. टिग : 7.2. आर्क : मर्यादा नाही. दोन्ही पेन्सिलने.