रायगड किनाऱ्यावरील भूजल व झरे
रायगड किनाऱ्यावरील भूजल व झरे : महाराष्ट्राच्या रायगड (१९८१ पूर्वी कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीत जमिनीखाली साठणारे व झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडणारे पाणी. जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सु. ३,००० मिमी. असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक गावांना पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. या विसंगतीचे मूळ प्रामुख्याने येथील खडक व भूरचना यांत आहे.

चुनखडकाच्या प्रदेशात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेले पावसाचे पाणी खडक झिजवून त्यात गुहा व भुयारी प्रवाह निर्माण करते. अशा भूमिस्वरूपास ‘कार्स्ट’ म्हणतात. महाराष्ट्रात चुनखडक मुख्यत्वे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत आढळतो. रायगडमध्ये मात्र सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला बेसाल्ट आहे. तो पाण्यात तसा विरघळत नाही. त्यामुळे पाणी केवळ त्याच्या संधी, भेगा व वरच्या कुजलेल्या थरात मावते. उरलेले तीव्र उतारांवरून थेट खाड्यांना मिळते. जांभा खडक सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून झिरपते आणि तळाच्या चिकणमातीशी अडून डोंगरकडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. असे झरे बहुधा उन्हाळ्यात आटतात.

पालीजवळील उन्हेरे व महाडजवळील सव येथील उष्ण झरे निराळ्या प्रकारचे आहेत. भेगांवाटे खोल गेलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून पुन्हा वर येते. कोकणातील उष्ण झऱ्यांच्या रांगेतील हे झरे होत.

किनाऱ्यालगत पुळणींच्या वाळूत पाणी उत्तम साठते. शंखशिंपल्यांतील चुना पाण्यात विरघळून पुन्हा साचल्याने वाळूचे कण सांधले जातात व खडक बनतो. त्यास स्थानिक भाषेत ‘करळ’ म्हणतात. चुनखडकाशी नाते सांगणारा किनाऱ्यावरील खडक तो हाच. चौल, नागाव, आक्षी, मुरूड, दिवेआगर व श्रीवर्धन येथील नारळी-पोफळीच्या वाड्या पुळणीमागील उथळ विहिरींच्या पाण्यावर वाढल्या. पूर्वी हे पाणी रहाटाने उपसत.

समुद्र इतका जवळ असूनही या विहिरींचे पाणी गोडे राहते, कारण खाऱ्या पाण्याहून हलके असलेले गोडे पाणी वाळूत त्यावर तरंगते. डब्ल्यू. बाडोन खायबेन व ए. हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी हा संबंध स्वतंत्रपणे मांडला. त्यानुसार भूजलपातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मी. उंच असल्यास, आदर्श स्थितीत, सपाटीखाली सु. ४० मी. पर्यंत गोडे पाणी असू शकते. उलट, पातळी १ मी. खाली गेल्यास खाऱ्या पाण्याची सीमा ४० मी. वर सरकते. किनाऱ्यावरील वाळूचा थर जाड नसल्याने प्रत्यक्षात ही खोली पुष्कळच कमी असते. तथापि तोल तितकाच नाजूक राहतो.

रहाटाने वरचे पाणी सावकाश निघे. शक्तिमान पंप व खोल विंधन विहिरी यांमुळे खारे पाणी वर खेचले जाण्याचा धोका असतो. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागू शकतात. वाळूचा उपसा केल्यास पाणी साठविणारा थरच घटतो. पेण-अलिबाग भागातील खारेपाटात भरतीचे पाणी बांध व उघाड्यांनी अडवून शेती केली जाते. परंतु तेथील चिकणमातीत क्षार टिकून असल्याने गोडे भूजल दुर्मिळ आहे. म्हणून किनाऱ्यावर विहिरी उथळ व रुंद ठेवणे, उपसा मर्यादित राखणे आणि पावसाचे पाणी चढावरच मुरविणे हे उपाय महत्त्वाचे ठरतात.