बारा मिमीचा पाना

पहाटे 5.30
आज साधा मंगळवार, म्हणून शिंगणापूर अजून निवांत. शनी अमावस्या असती तर एव्हाना घोडेगावच्या रस्त्याला गाड्याच गाड्या दिसल्या असत्या. शनिदेवाच्या या गावात दारं न लावण्याचा रिवाज, गॅरेजलाही शटर नाही, तेव्हा उघडायचं काही नसतं. केर काढायचा, उदबत्ती लावायची. पाने रात्रभर बाकावरच असतात.

सकाळी 8
पुण्याच्या साहेबांनी टेम्पोतून गाडी उतरवून घेतली. लाल, बुटकी, दोघांपुरती, चाकं अंगाबाहेर. पोऱ्या म्हणाला, "मिस्त्री, हिलाबी दारं न्हाईत!"
विकणारा म्हणतोय, 1962 ची लोटस सेव्हन, जुहूला शर्यतीत पळालेली. कागद हरवलेत. साहेबांनी इसार दिलाय, बाकी रक्कम उद्या द्यायचीय. "आधी देवाला तेल घालून येतो," ते म्हणाले, "तोवर तुम्ही बघा."

सकाळी 9.30
नुसत्या आकाराला भुलायचं नाही. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं ही गाडी 1957 साली काढली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, वजन जेमतेम. सुटे भाग घेऊन घरी जोडली की इंग्लंडात कर वाचायचा, म्हणून कित्येकांनी ती अंगणातच जोडली. 1973 साली हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. जी गाडी अंगणात जोडता येते, तिची नक्कलही कुठंही होते, जगभर झालीही.
लोहचुंबक इथं कामाचं नाही, ते ॲल्युमिनियमला चिकटत नाही आणि फायबरलाही नाही. मी बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. नाकाड्यावर टप्प. ते चालेल, 1960 नंतर नाकाडं आणि मडगार्ड फायबरचीच येत. पण बाजूच्या अंगावरही टप्प? तिथं पत्रा वाजायला हवा होता.

सकाळी 11
त्या काळची इंग्रजी गाडी म्हणजे इंची नट-बोल्ट. अर्धा इंची पाना लावला, तर बोल्टावर लुळा फिरला. बारा मिमीचा लावला, घट्ट बसला. एखादा बोल्ट कुणी बदललेला असतो, म्हणून पोऱ्याला सांगितलं, मोजत जा. पुढच्या सस्पेन्शनपासून सीटच्या पायापर्यंत त्याला एकही इंची बोल्ट मिळाला नाही.

दुपारी 1
भाकरी, पिठलं, ठेचा. साहेबांना रसवंतीवर नेलं. त्यांनी विचारलं, "काय वाटतं?" मी म्हटलं, "इंजिन बघितल्याशिवाय बोलणार नाही." पेशंटला अर्धवट सांगणारा डॉक्टर आणि गिऱ्हाइकाला अर्धवट सांगणारा मिस्त्री, दोघंही झोप घालवतात.

दुपारी 2.30
बॉनेट काढलं आणि हसूच आलं. ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसं झालं. तरुणपणी मुंबईत ज्या कॉन्टेसाखाली मी आडवा असायचो, तिचंच हे इंजिन: इसुझूचं, 1817 सीसी. कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये. 1962 च्या सेव्हनमध्ये बहुधा फोर्डचं पुशरॉडवालं इंजिन असायचं, कॅम खाली ब्लॉकमध्ये. साहेब म्हणाले, "नंतर बदललं असेल." बरोबर आहे, शर्यतीच्या गाडीत इंजिन बदलतंच. म्हणून माउंटिंग बघितलं. बदललेल्या इंजिनाला जुन्या ब्रॅकेटची खूण, कापलेलं, नवं वेल्डिंग, काहीतरी राहतंच. इथं काही नाही. सांगाडा याच इंजिनासाठी बांधलेला.

दुपारी 4
नाकावरची लोटसची पट्टी पाहिली. रंग वर्षानुवर्षांचा, रिव्हेट मात्र चकचकीत. सीट उचलली तेव्हा खाली चुरगळलेली पीयूसीची चिठ्ठी निघाली. नंबर एमएच 06, म्हणजे पेण आरटीओ, रायगड. साहेबांनी मोबाइलवर नंबर टाकला. नोंदणी या शतकातली. चिठ्ठी दुसऱ्या गाडीची नको, म्हणून ॲपवर दिसले तेवढे चेसिसचे आकडे सांगाड्यावरच्या आकड्यांशी ताडले. जुळले.

संध्याकाळी 5
मग सांगितलं. साहेब, ही चिंकारा रोडस्टर. अलिबागजवळ कार्लेखिंडीत शमा आणि गिडो बोथे यांनी सेव्हनच्या धर्तीवर, फायबरच्या अंगाची, इसुझू इंजिनाची ही गाडी बनवली. मोठ्या कारखान्याच्या पट्ट्यावरची नव्हे, मोजक्या हातांची. बनवणाऱ्यांनी तिला लोटस म्हटलं नाही, स्वतःचं नाव दिलं. खोटेपणा त्या नव्या रिव्हेटांचा आहे.
"मग व्हिंटेज?" 2021 च्या नियमानं पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटायला हवीत, तेव्हा 'व्हीए'ची पाटी मिळते. हिला अजून बराच अवकाश आहे.
साहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चालवून बघू?"

संध्याकाळी 6
सोनईच्या रस्त्यानं फेरी मारली. उसाच्या ट्रॉलीमागून गाडी अशी सुटली, की साहेब पोरासारखे ओरडले. परतल्यावर त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला. भाव चिंकाराचा ठरला, तो बराच खाली होता.

रात्री 8
गाडी आज इथंच राहणार. साहेब चावी खिशात घालू लागले, थबकले आणि ती बाकावर, बारा मिमीच्या पान्याशेजारी ठेवून भक्तनिवासाकडे गेले. पोऱ्यानं पट्टीचे रिव्हेट ड्रिलनं उडवले. खाली रंगावर चार भोकं उरली, ती उद्या भरायची.